वहीतला पहिला बिंदू

"दर्या खंय आसा?"

आमच्या कार्यालयात कुठलीही नवी फाइल उघडली की वासुबाबांचा हा पहिला प्रश्न. फाइल पावसाची असो नाहीतर तापमानाची, आधी समुद्र समुद्राच्या जागी आहे का ते बघायचं, मग बाकीच्या गप्पा. मी तिथे नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला हा प्रश्न विचारला आणि माझी अशी काही फजिती झाली, की अजून आठवलं तरी कान गरम होतात.

आमचं कार्यालय गोव्यात, डिचोलीच्या बाजारामागे, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या संस्थांकडून हवामानाच्या फाइली यायच्या. त्या फाइलीत नकाशा नसतोच. जमिनीवर चौकोनांचं जाळं टाकलंय असं समजा, आणि एकेका चौकोनाला एकेक आकडा: इथे इतका पाऊस, इथे इतकं ऊन. ते आकडे आमच्या तालुक्यांवर बसवायचे, नकाशे करायचे आणि शेतीवाल्यांना, पाणीवाल्यांना पाठवायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण पृथ्वी गोल आणि कागद सपाट. ती सपाट करायच्या माणसांच्या शंभर रीती. कोणी कुठली रीत वापरली ते फाइलीत नीट लिहिलेलं नसलं, की पेडण्याचा पाऊस भलत्याच गावात जाऊन पडतो.

तर मी मोठ्या तोऱ्यात पावसाचा नकाशा करून वासुबाबांसमोर ठेवला. दिवस आषाढाचे. त्यांनी चष्म्यावरून आधी नकाशा बघितला, मग मला बघितलं.

"बाय, तूं खंयची?"

"पेडण्याची."

"आज पेडण्यात पावस कसो?"

"काय विचारता! म्हापशाला बस बदलताना छत्री उलटी झाली."

"भिजून आयलंय मगो? मग ह्या नकाशात पेडण्यात वाळवंट कसां?"

बघते तर खरंच, माझ्या नकाशात पेडणं कोरडं ठणठणीत. आणि पश्चिमेला जिथे समुद्र म्हणून रिकामे चौकोन हवेत, तिथे आकडे भरलेले. वासुबाब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "फाइल शीर्षासन करता." ज्यांनी ती बनवली त्यांनी ओळी दक्षिणेकडून मोजल्या होत्या, मी उत्तरेकडून. अख्खा देश डोक्यावर उभा, आणि आमच्या पेडण्याच्या वाट्याला तिकडचं राजस्थान. मी फाइल सरळ केली.

वासुबाब म्हणजे वासुदेव गावस. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि बारा महिने छत्री. सारी नोकरी मोजणी खात्यात नकाशे काढण्यात गेली. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे एकेका वर्षाच्या करारावर आले आणि टिकले. जिना चढताना पायऱ्या मोठ्याने मोजायचे. रोज त्याच पायऱ्या, बावीस. एकदा मी म्हटलं, "वासुबाब, कालपासून एखादी वाढली का?" तर गंभीरपणे म्हणाले, "ना. पण मोजल्याबगर कळतलां कसां?" मोजणीच्या नोकरीत पावलांनीच अंतरं मोजली होती आयुष्यभर, ती खोड जाते कुठे.

फाइल तपासायला बसले की टेबलाखाली चपला काढून ठेवायचे, अगदी जोडून, आणि पाय थंड फरशीवर टेकवायचे. पडद्याला बोट लावलेलं त्यांना खपत नसे. कोणी "हा बघा, हा चौकोन" म्हणून बोट नेलं की पेन्सिल पुढे करत. "बोटाचो डाग म्हणजे एक गांव गेलो." मोठ्या साहेबांनासुद्धा त्यांनी पेन्सिल दिली होती. साहेबांनी ती निमूट घेतलीही.

अकराला खालून उंडो, म्हणजे गोल पाव, यायचा. डिचोलीत त्यांची भाड्याची एक खोली होती, स्वैपाकाचा खटाटोप त्यांनी कधी केला नाही. अर्धा उंडो चहात बुडवून खायचे आणि उरलेला अर्धा कागदात गुंडाळून पिशवीत टाकायचे, संध्याकाळसाठी. मी नवी होते, तोंडाळ होते, एकदा म्हणून गेले, "अहो, पूर्ण खा की, संध्याकाळी ताजा घ्या." ते म्हणाले, "एकट्या माणसाक आख्खो उंडो जास्त जाता." त्यानंतर मी उंड्यावरून कधी बोलले नाही.

त्यांची खरी इस्टेट म्हणजे एक कापडी बांधणीची वही. तिच्यात सात बिंदू होते. सात जागा, आणि त्यांचे अक्षांश-रेखांश. कुठलीही फाइल आली की तिच्यावर हे सात बिंदू टाकायचे आणि प्रत्येक बिंदू शोभेलशा चौकोनात पडतो का ते बघायचं. इब्रामपूरच्या चढणीवरचा बिंदू, डिचोलीच्या बसस्टँडवरचा, खाडीच्या पुलावरचा, असे. नियम एकच. ज्या जागेवर स्वतःचे पाय लागलेत तीच जागा वहीत. वहीत तसा रकानाच होता, 'पाय लागले'. सातही ओळींत 'होय'.

दुसरा रकाना होता 'माप'. तो त्यांनी मला पहिल्या महिन्यातच घोटून घोटून शिकवला. पृथ्वीचा आकार धरायची इंग्रजांच्या काळातली एक जुनी रीत आहे, आणि आताची उपग्रहांची एक. जागा तीच, पण दोन्ही रीतींनी तिचे नंबर, म्हणजे अक्षांश-रेखांश, वेगळे येतात. एकाचा नंबर दुसऱ्या रीतीत टाकलात, तर आमच्याकडे माणूस दोनेकशे पावलं चुकतो. "माप लिवंक नाशिल्लो नंबर म्हणजे गांव नाशिल्लो पत्तो," असं ते म्हणायचे. मी वैतागून म्हणायचे, "हो हो, लिहिलं माप, लिहिलं!"

एकदा एक भलतीच फाइल आली. आत आकडे अंशांचे होते आणि वर लिहिलेलं होतं मीटर. संगणकाने बिचाऱ्याने ते खरं मानलं. अख्खा गोवा आक्रसून एका टेबलाएवढा झाला आणि आफ्रिकेच्या शेजारच्या समुद्रात जाऊन बसला, जिथे अक्षांशही शून्य आणि रेखांशही शून्य. मी कपाळाला हात लावला. वासुबाब मात्र खुशीत.

"पत्तो सांडिल्ले सगळे थंय वतात गो. जगातली सगळी हरवलेली गांवां थंय आसात."

"मग एक दिवस तुम्हीपण तिथेच सापडाल, वासुबाब," मी म्हटलं.

ते हसले. पेन्सिल वहीत ठेवली, वही मिटली आणि म्हणाले, "हांव थंयच रावतां." ते तिथेच राहतात, म्हणे! नुसतं तोंड चालवायची सवय वाईट.

त्यांचं घर कुठलं ते मला एका चवथीला कळलं. चवथीला, म्हणजे गणपतीत, आमच्याकडे सगळी कार्यालयं ओस पडतात. वासुबाब मात्र म्हणत होते, "कोणेतरी फाइली बघूंक जाय." मी त्यांना ओढूनच पेडण्याला आमच्या घरी नेलं. येताना दोन जंगली फळांचे घोस घेऊन आले, आणि आल्या आल्या गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधायला घेतली. सगळी फळं, रानातले वेल, सुपाऱ्यांचे घोस असे काही तोलून बांधले, की माझे वडील बघतच राहिले. आईने विचारलं, "तुमची चवथ खंय असते?"

"चवथ हौदाकडे आसली," ते म्हणाले. "आता चुलत भाव करता, शहरात. हांव सोयऱ्यासारखो वतां आनी येतां."

हौद म्हणजे मोप्याच्या पठाराच्या कडेला त्यांच्या वडिलांची काजूची बाग होती, तिथला. काजूची बोंडं तुडवून रस काढायला कातळातच खोदलेला चौकोनी हौद, शेजारी भट्टीचा चिऱ्यांचा चौथरा, आणि मागे घर. पठारावर विमानतळ झाला तेव्हा ती जागा कुंपणाच्या आत गेली. भाऊबंद पांगले. ज्या दिवशी जागा सोडली त्या दिवशी वासुबाबांनी खात्याचं, जागेचा नंबर सांगणारं हातातलं यंत्र मागून नेलं, हौदाच्या काठावर उभं राहून नंबर घेतला आणि वहीत लिहिला. तो वहीतला पहिला बिंदू.

"आता काय आहे तिथे?" वडिलांनी विचारलं.

"उपग्रहाच्या फोटोत एकदा बगलां. नंबर घालो, तांबडी उकरलेली माती दिसली. बुजवलो म्हटलां, आनी बंद केलां. परत बगूंक धीर जावंक ना."

आई जेवायला थांबा म्हणत होती. ते थांबले नाहीत. छत्री उचलली आणि बसच्या दिशेने निघून गेले. त्या दिवशी माटोळीखाली बसून मला जेवण गोड लागलं नाही, हे खरं सांगते.

मग ती बारीक फाइल आली. आतापर्यंतच्या फाइलींचे चौकोन कोसभर लांबरुंद असायचे, ही उन्हाळ्यातल्या तापमानाची नवी फाइल मात्र जेमतेम शंभर मीटरच्या चौकोनांची. कुठलं शेत भाजतं, कुठलं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, गार राहतं, ते हिच्यावरून ठरवून शेतीवाल्यांना नकाशे द्यायचे होते. वासुबाबांनी चपला काढल्या, सात बिंदू टाकले आणि बसल्या जागी ताठ झाले.

"फाइल सरकल्या."

त्यांचं म्हणणं असं: हौदाची जागा कातळावर. उन्हाळ्यात तिथे अनवाणी पाऊल टेकवत नाही, आणि ही फाइल म्हणते तिथे गारवा आहे. म्हणजे सगळं जाळं दोन चौकोन सरकलेलं आहे. त्यांनी फाइल बनवणाऱ्या संस्थेला लिहिलं. उत्तर आलं, आमची फाइल बरोबर आहे. यांनी परत लिहिलं, जरा कडक. परत तेच उत्तर. मोठ्या साहेबांच्या नाकी नऊ आले. त्यांनी एक दिवस आम्हा दोघांना बोलावून सरळ सांगितलं, "गावस, सोमवारी बैठक. फाइल सरकलेली ठरली तर आपण ती सरकवून घेऊ आणि तुमची सात बिंदूंची रीत कायमची ठेवू. नाही ठरली, तर पुढच्या वर्षापासून ही तपासणी यंत्रच करेल. मग मला तुमचा करार वाढवता येणार नाही."

साहेब वाईट माणूस नव्हते. पण वासुबाबांकडे त्या खुर्चीखेरीज दुसरं काय होतं? एक खोली आणि अर्धा उंडो. वासुबाब मात्र जिना मोजत खाली उतरले, रोजच्यासारखे.

त्यांना जिंकवायचं म्हणून मी ती फाइल उलटीपालटी करून तपासली. खरंच सांगते, त्यांची बाजू पक्की करायलाच बसले होते. पण सातातले सहा बिंदू जिथे हवे तिथे बिनतक्रार बसत होते. एकटा पहिला अडत होता. वासुबाब म्हणायचे, बाकीचे सपाटीवर आहेत, सरकले तरी कळणार नाहीत, पहिला कडेवर आहे म्हणून तो बोलतो. मला पटायचं. मग मी त्यांची वही मागून घेतली, नंबर परत घालून बघावेत म्हणून.

दुसऱ्या बिंदूपुढे माप लिहिलेलं. तिसऱ्यापुढे लिहिलेलं. सातव्यापर्यंत सगळ्यांपुढे. पहिल्यापुढचा रकाना कोरा.

तो बिंदू म्हणजे हौद. त्या काळी खात्यातली यंत्रं जुन्या मापावर लावलेली असायची, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मी तो नंबर जुन्या मापाचा धरला आणि नव्यात फिरवला. बिंदू वायव्येला दोनेकशे पावलं सरकला, आणि नेमका भाजणाऱ्या कातळाच्या चौकोनात जाऊन बसला. फाइल खरी होती. वासुबाबांचं कातळाबद्दलचं म्हणणंही खरं होतं. चुकला होता फक्त तो नंबर.

दोन दिवस मी गप्प राहिले. न सांगावं तर सोमवारी ते हट्टाने उभे राहणार आणि एक धड फाइल आम्ही सगळे मिळून बिघडवणार. भाजणारी शेतं गार दाखवणार. सांगावं तर त्यांची खुर्ची जाणार, आणि घालवणारी मी. शुक्रवारी दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "वासुबाब, पहिल्याचं माप?"

त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली. मग लांब धरली. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला आणि परत बघितलं.

"त्या दिसा लिवंक सुचूंक ना," ते म्हणाले.

मला रडू आलं. मी म्हटलं, "मी कोणाला सांगत नाही. तुम्ही म्हणाल तसं करूया."

"कित्याक? बरोबर आसा तां बरोबर आसा." मग म्हणाले, "बाय, नव्या नंबराचेर उपग्रहाचो फोटो घाल."

मी घातला. पावसाळ्यानंतरचा फोटो होता. कुंपणाच्या आत, धावपट्टीपासून लांब, एका कोपऱ्यात मोकळा काळा कातळ. कातळात एक बारीकसा चौकोन, पाण्याने भरलेला, आकाश पडून चमकत असलेला. शेजारी चिऱ्यांचा तुटका चौथरा. त्याला कोणी हातही लावलेला नव्हता.

एवढी वर्षं हा माणूस समजून होता की आपला हौद बुजवला. त्याने बघितली होती ती कुंपणाबाहेरच्या उताराची माती, रस्त्याच्या कामासाठी उकरलेली. पुढे तिथे झाडं वाढली, म्हणून तर फाइलीत गारवा होता. दुसरा कोणी असता तर फोटो इकडेतिकडे सरकवून शोधलं असतं. पण नंबर एकदा वहीत चढला की वासुबाबांना डोळ्यांपेक्षा तो खरा. मला त्या क्षणी त्यांचा रागही आला आणि मायाही आली.

त्यांनी हात पुढे केला. मी सवयीने पेन्सिल दिली. ती त्यांनी घेतली नाही. उजव्या हाताचं बोट पडद्यावर त्या पाण्याच्या चौकोनावर टेकवलं, आणि ठेवलं. बोट काढल्यावर डाग राहिला. तो मी पुढे कितीतरी दिवस पुसला नाही.

बैठकीआधीच त्यांनी साहेबांना स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी दिली: फाइल बरोबर आहे, आहे तशी वापरावी, चूक माझ्या वहीतल्या पहिल्या बिंदूची आहे. मार्चअखेर करार संपला. शेवटच्या दिवशी चपला घातल्या, छत्री घेतली आणि वही माझ्या टेबलावर ठेवली. पहिल्या ओळीतला जुना नंबर सरळ रेघेने खोडलेला, वर नवा, आणि मापाच्या रकान्यात माप. मी म्हटलं, "वही न्या ना, तुमची आहे." ते म्हणाले, "फाइली हंय येतात. हांव घरात बसून कितें मोजूं?" आणि बावीस पायऱ्या मोजत उतरून गेले. त्यांची खुर्ची कोणी भरली नाही. अकराचा उंडोवाला दोनतीन दिवस वर येऊन परत जायचा.

त्यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं. मे महिन्यात इब्रामपूरला मावशीकडे चालले होते, स्कूटरवरून, पठाराच्या कडेचा रस्ता धरून. ऊन रणरणत होतं. उतारावर झाडांच्या सावलीत एक पांढरा शर्ट दिसला आणि मिटलेली छत्री. मी पलीकडेच स्कूटर थांबवली.

वासुबाबच. रस्त्याच्या कडेला चपला काढलेल्या, अगदी जोडून. त्यांची पाठ माझ्याकडे होती. इथे कशाला उभे, मला कळेना. मग सहज फोन काढून मी उभी होते तिथला नंबर बघितला, आणि पिशवीत मी आता नेहमी बाळगायचे ती वही उघडली. खोडलेला नंबर आणि हा, जवळजवळ एकच. ते आपल्या चुकीच्या जागेवर येऊन उभे होते. आत सोडत नाहीत, मग पाय लागण्यासारखी तेवढीच जागा त्यांना उरली होती.

हाक मारावी असं फार वाटलं. तेवढ्यात त्यांनी छत्री काखेत मारली आणि अनवाणीच वर, वायव्येकडे, चालू लागले. मोठ्याने मोजत. झाडं संपून उन्हातला कातळ लागला तरी पाऊल अडखळलं नाही. "अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद..." कुंपण आलं. ते जाळीला छाती लागेपर्यंत गेले आणि थांबले.

मोजणं थांबलं नाही. उभ्या उभ्या, त्याच लयीत, एक एक पाऊल टाकावं तसे आकडे येत राहिले. मी दोनशेपर्यंत ऐकलं. मग ते गप्प झाले आणि नुसते खाली, स्वतःच्या पायांकडे बघत राहिले.